एल्क दिसला नाही, म्हणजे नाहीच का?

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं मोठं हरीण. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत धनुष्यबाणाने एल्कच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतो. बरेच शिकारी ऑगस्टमध्येच दोन-तीन रात्री डोंगरात तंबू ठोकतात आणि पहाटे दुर्बिणीतून कुरणं न्याहाळतात. संशोधनाच्या भाषेत हा पायलट सर्व्हेच!

समजा, तीन पहाटे एकही एल्क दिसला नाही. मग ते खोरं रिकामं म्हणायचं का? थोडं गणित करू. एल्क तिथे असताना एका पहाटे तो दिसण्याची शक्यता 40 टक्के धरा. प्रत्येक पहाट स्वतंत्र मानली, तर तिन्ही वेळा न दिसण्याची शक्यता 0.6 × 0.6 × 0.6, म्हणजे जवळपास 22 टक्के. हे काही कमी नाही! म्हणून जाणता शिकारी ताज्या लेंड्या, चिखलात लोळल्याच्या जागा, शिंगं घासून सोललेली झाडंही बघतो.

शिवाय शिकारीची वर्दळ वाढली की एल्क जागा बदलतात. त्यामुळे ऑगस्टचा अंदाज ऑक्टोबरमध्ये चालेलच असं नाही.

तेव्हा तुमच्या पायलटच्या वहीत ‘नाही’ लिहू नका, ‘आढळलं नाही’ असं लिहा. आणि किती वेळा, कधी पाहिलं, तेही शेजारी नोंदवा. त्याशिवाय त्या शून्याला काही अर्थ नाही.