गिनी कोंबड्या खंगताहेत? जंताचे औषध देण्याआधी हे वाचा

जालना : पावसाळा हा गिनी कोंबड्यांचा अंडी देण्याचा हंगाम. नेमक्या याच ओलसर दिवसांत त्यांच्या पोटात जंत वाढतात. मग अनेक जण शेळ्यांसाठी आणलेले जंतनाशक अंदाजाने पाण्यात ढवळून देतात. ही घाई महागात पडू शकते.

लक्षणे कोणती?
खाणे असूनही वजन घटते, छातीचे हाड हाताला लागते, पिसे विस्कटतात, पातळ हगवण होते, अंडी कमी होतात. पण रक्ती हगवणीतही (कॉक्सिडिओसिस) असेच दिसते. तो आजार जंतांचा नाही, त्यावर जंतनाशक चालत नाही.

आधी तपासणी का?
खुराड्यातील वेगवेगळ्या जागची ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मिठाच्या दाट द्रावणात जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.

औषध कोणते?
- पायपेराझिन : फक्त मोठ्या गोल जंतांवर
- फेनबेंडाझोल : गोल जंत आणि केसासारखे बारीक जंत
- प्राझिक्वांटेल : पट्टकृमी

मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

पाण्यातून की खाद्यातून?
फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल पाण्यात नीट विरघळत नाहीत, तळाशी बसतात. त्यामुळे काही पक्ष्यांना काहीच मिळत नाही, तर काहींना जास्त मात्रा जाते. ही औषधे ओलसर खाद्यात नीट कालवून देणे बरे.

एक डोस पुरतो का?
बहुतेकदा नाही. विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी उबदार ओलाव्यात साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. पक्ष्याने ती टिपली की पुन्हा तेच चक्र. म्हणून दुसरा डोस कधी द्यायचा, हे विचारून घ्या.

खुराड्याचे काय?
जंतांच्या अंड्यांचे कवच टणक असते, साध्या जंतुनाशकाला ती दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि कडक ऊन मात्र त्यांना सोसत नाही. ओला भुसा काढा, पाण्याच्या भांड्याखालची जागा कोरडी ठेवा, पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवा. मुंग्या आणि किडे पट्टकृमी पसरवतात, त्यांचाही बंदोबस्त करा.

अंडी खायची का?
औषधानंतर किती दिवस अंडी आणि मांस वापरायचे नाही, हे लेबलवर पाहा किंवा डॉक्टरांना विचारा. तोवर अंडी विकूही नका.

मदत कुठे?
जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक 1962.