पोटातील दुर्मीळ गाठ : ज्येष्ठांसाठी दक्षता

घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे पोट दोन घासांतच भरते, चेहरा फिका पडतो, जिना चढताना धाप लागते. 'वय झाले', 'उपवासांनी अशक्तपणा आला' असे म्हणून घरातले लोहाच्या गोळ्या सुरू करतात. बहुधा कारण साधेच असते. परंतु क्वचित त्यामागे 'जिस्ट' नावाच्या गाठीतून होणारा मंद रक्तस्राव असतो. शौचास काळे होत असेल, तर विलंब मुळीच करू नये.

जिस्ट हा मृदू ऊतींच्या कर्करोगाचा दुर्मीळ प्रकार असून तो साठीच्या आसपास अधिक आढळतो. निम्म्याहून अधिक गाठी जठरात, त्याखालोखाल लहान आतड्यात होतात. गाठ अस्तराखाली वाढत असल्याने दुर्बिणीच्या साध्या तपासणीत ती निसटू शकते. अशा वेळी सी.टी. स्कॅन आणि दुर्बिणीद्वारे आतून केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. सुईने काढलेल्या तुकड्यात 'सीडी-११७' हे प्रथिन आढळल्यास निदानास बळकटी येते.

गाठ मर्यादित असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. गाठ न फुटता अखंड निघणे महत्त्वाचे; फुटल्यास रोग पोटात पसरण्याचा धोका वाढतो. केवळ वय अधिक म्हणून शस्त्रक्रिया नाकारू नये. हृदय, मूत्रपिंडे व पोषण यांचा विचार करून निर्णय व्हावा.

या रोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नसे. १९९८ साली जपानमधील हिरोता व सहकाऱ्यांनी 'किट' जनुकातील बदलाशी त्याचा संबंध दाखवला. त्या बदलालाच रोखणारी 'इमॅटिनिब' ही गोळी २००० साली फिनलंडमधील एका रुग्णाला प्रथम देण्यात आली आणि चित्र पालटले. मात्र काही जनुकबदलांवर ती लागू पडत नाही, म्हणून जनुकचाचणी करून घ्यावी. पुनरुद्भवाचा धोका अधिक असल्यास शस्त्रक्रियेनंतर साधारणतः तीन वर्षे ही गोळी देतात.

खर्चाची चिंता स्वाभाविक आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या सुधारित रूपास पेटंट नाकारले, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी उपलब्ध राहिली.

ही गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते. म्हणून उपवास किंवा चौविहार पाळणाऱ्यांनी वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावे. डोळ्यांभोवती सूज आली किंवा पायात गोळे आले, तर मनानेच औषध थांबवू नये. तपश्चर्येचे बळही निरोगी देहातच टिकते. त्या देहाची हाक वेळीच ऐकणे, हे घरातील प्रत्येकाचे कर्तव्य होय.