विसाव्या आठवड्याची तारीख

पोटावर गार जेल पसरलं, डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि पडद्यावर आमचं बाळ दिसलं. "हे डोकं. हा पाठीचा कणा, ओवलेल्या मण्यांसारखा दिसतोय बघा," डॉक्टर सांगत होत्या. मग त्या एकदम गप्प झाल्या. नजर पडद्यावर, हात सावकाश फिरतोय, तोंडातून शब्द नाही. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. शेवटी तिनेच विचारलं, "डॉक्टर, सगळं ठीक आहे ना?"

"हृदय बघतेय. बाळ पाठ करून झोपलंय, नीट दिसत नाही. तुम्ही जरा चालून या, काहीतरी खाऊन या. मग पुन्हा बघू."

पहिलटकरणीला ही शांतता फार जड जाते. त्या खोलीत काय चालतं, हे आधीच माहीत असलं तर ती थोडी हलकी होते.

पाचव्या महिन्याच्या या सोनोग्राफीला ‘अ‍ॅनॉमली स्कॅन’ म्हणतात. ती साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. त्याआधी अवयव इतके लहान असतात की बारकावे कळत नाहीत. फार उशीर केला तर हाडांच्या सावल्या आड येतात, आणि काही निघालंच तर विचार करायला वेळ उरत नाही. विसाव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर आणि वजनाला साधारण ३०० ग्रॅम असतं. हृदय जेमतेम दोन सेंटिमीटरचं, मिनिटाला १२० ते १६० ठोके. एवढ्याशा धडधडत्या हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या तपासायच्या, तर डॉक्टरांचं बोलणं थांबणारच.

हे सगळं काम आवाज करतो. क्ष-किरणांचा इथे संबंध नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जातात, आपटून परततात आणि त्या प्रतिध्वनींचं चित्र होतं. मधे हवा राहिली तर लहरी आत शिरत नाहीत, म्हणून ते जेल. कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला वापरलं जाणारं हे तंत्र ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटावर आजमावलं आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

हृदयाबरोबर मेंदू, ओठ, कणा, जठर, मूत्रपिंडं, हात-पाय, नाळ, वार आणि गर्भजलही पाहतात. अहवालात ‘वार खाली आहे’ असं वाचून घाबरू नका. गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींची वर सरकते. हृदयातला चमकदार ठिपका एकटाच असेल तर सहसा निरुपद्रवी ठरतो. पाऊल वळलेलं दिसलं तर जन्मानंतर प्लास्टरने ते सरळ करता येतं. हृदयात मोठा दोष असेल तर लहान मुलांचे हृदयशल्यविशारद असतील अशा रुग्णालयात बाळंतपण ठरवता येतं. मात्र अहवाल चांगला आला तरी ती शंभर टक्के हमी नव्हे. हृदयातलं बारीक छिद्र सुटू शकतं, ऐकण्याचे किंवा बौद्धिक वाढीचे काही प्रश्न पडद्यावर दिसतच नाहीत.

कधी मात्र दोष गंभीर निघतो, आणि तेव्हा एकेक आठवडा मोलाचा होतो. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं बाळाच्या हृदयातला दोष २० आठवड्यांची तेव्हाची कायदेशीर मर्यादा उलटल्यावर कळल्यामुळे उच्च न्यायालयात गेलं होतं. गर्भपाताची परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. पण मंडळ, पुन्हा तपासण्या, धावपळ आणि त्या आईची घालमेल यात दिवस जातात. वेळेवर सोनोग्राफी केली, तर निर्णय कोणताही असो, तो घाईत घ्यावा लागत नाही.

तपासणीआधी ‘फॉर्म एफ’ भरतात आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशा मजकुराखाली आईची सही घेतात. कुणाला हा नुसता कागदी सोपस्कार वाटेल. पण गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ च होत्या. ज्या यंत्राने आमच्या बाळाचं हृदय दाखवलं, त्याच यंत्राने इथे कितीतरी मुली जन्माआधीच हेरल्या गेल्या. ती सही मनापासून करा.

आम्ही चालून आलो, बायकोने केळं खाल्लं. बाळ वळलं होतं. डॉक्टरांनी चित्र मोठं केलं आणि पडद्यावर बोट ठेवून मोजलं: एक, दोन, तीन, चार. चारही कप्पे उघडझाप करत होते. संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा मी तिला तेच सांगितलं, "चारही कप्पे नीट आहेत गं." पलीकडे ती बराच वेळ काही बोलली नाही.

तुमच्या घरी चौथा महिना लागला असेल, तर डॉक्टरांना विचारून सोनोग्राफीची तारीख आजच घेऊन ठेवा.