अंगणातील पिले आणि घरातील ज्येष्ठ

बीड जिल्ह्यात पक्ष्यांचा विषय निघाला की पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्याचे नाव हमखास येते. परंतु गुडघेदुखीने वा दम्याने जखडलेल्या ज्येष्ठांनी बालाघाटाच्या डोंगरात कसे जावे? त्यांच्यासाठी पक्ष्यांनीच अंगणात यायला हवे. आणि सुदैवाने ते येतात.

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत परसातील जास्वंदीत, कढीपत्त्याच्या झाडात नुकतीच घरट्याबाहेर पडलेली पिले दिसतात. लालबुड्या बुलबुलाचे पिल्लू जन्मानंतर साधारण बारा दिवसांत घरटे सोडते. आखूड शेपूट, मळकट रंग, बुडाखालची लाली अजून फिकट. पंख थरथरवत, चोच वासून ते घास मागत असते. सातभाईंच्या थव्यात तर आईबापांखेरीज इतर सदस्यही पिलांना भरवतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पिढीला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात हेच सातभाई कधी चातकाचे पिल्लूही वाढवतात, कारण चातकाची मादी त्यांच्या घरट्यात अंडे घालते.

या निरीक्षणाचा आरोग्याशी संबंध आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १,३०० व्यक्तींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांचे मन अधिक प्रसन्न असल्याचे त्यांत आढळले. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तसेच दिसले. अर्थात हा औषधांना पर्याय नव्हे. मात्र दिवस रिकामा वाटणाऱ्या ज्येष्ठांना सकाळी उठण्यासाठी एक कारण मिळते, हे थोडे नाही.

पाहणाऱ्याकडेही लक्ष असू द्या

शुश्रूषा करणाऱ्यांनी ज्येष्ठांसोबत रोज दहा मिनिटे बसावे. नातवंडांना ऐकू येणारी पिलांची बारीक चिवचिव आजोबांना येत नसेल, तर श्रवण तपासून घ्यावे; वयानुसार येणारा बहिरेपणा बहुधा उंच स्वरांपासूनच सुरू होतो. समोरचा पक्षी धूसर, रंग फिके दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी करावी. आणि रोज उत्सुकतेने खिडकीशी येणारी आजी दोन आठवडे तिकडे फिरकलीच नाही, जेवणाझोपेतही फरक पडला, तर ‘आता वयच झाले’ असे म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

काही पथ्ये

• हातांचा आधार असलेली खुर्ची सावलीत ठेवावी. वेळ सकाळी नऊच्या आतली बरी. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर जाणे टाळावे.

• पक्ष्यांसाठी उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे. ते रोज बदलून भांडे घासावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. त्याच वेळी ज्येष्ठांनीही पेलाभर पाणी प्यावे. उन्हाळ्यात तहान न लागताही शरीरातील पाणी कमी होते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

• भांडे धुतल्यावर हात साबणाने धुवावेत. दमा किंवा फुफ्फुसाचा विकार असलेल्यांनी विष्ठा झाडू नये. कबुतरांना दाणे टाकून गोळा करू नये.

• पंख फुटलेले पिल्लू जमिनीवर दिसले, तर लगेच उचलू नये. ते बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपास असतात. कुत्र्यामांजरांना दूर ठेवून लांबूनच पाहावे. फार तर त्याला जवळच्या झुडपात ठेवावे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. वन्य पक्षी घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

एक वही सोबत ठेवल्यास उत्तम. कोणते पिल्लू आले, त्याला कोणी काय भरवले, हे ज्येष्ठांनी रोज दोन ओळींत लिहावे. लिहिणे जमत नसेल, तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी टिपून घ्यावे. पुढील तपासणीला येताना रक्तदाबाच्या नोंदींबरोबर ही वहीही अवश्य आणावी. गेल्या पंधरवड्यात डोळे, कान आणि मन कसे होते, याचा अंदाज घ्यायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.