विजेची बस परत का बोलावतात?

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपल्या बाजारपेठेत सर्वांच्या ओळखीची आहे. मोटारींच्या व्यवसायात मात्र ही पाटी उलटी फिरवावी लागली. गाडी विकली गेली, पैसे चुकते झाले, ती रस्त्यावर धावू लागली. आणि मग तिच्या घडणीतच काही खोट राहून गेल्याचे ध्यानात आले, तर कारखानदाराने ती स्वतःहून परत बोलवावी आणि विनामूल्य दुरुस्त करून द्यावी, असा दंडक जगातील अनेक देशांनी घातला आहे. यालाच 'रिकॉल' म्हणतात. विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आपल्या शहरांतून धावू लागल्यापासून हा विषय केवळ मोटार बाळगणाऱ्यांचा राहिलेला नाही. तिकीट काढून बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाचा तो झाला आहे, आणि म्हणून त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम ही खोट कोठे असते ते पाहू. बसची बॅटरी ही बोलण्यापुरती एक वस्तू. वस्तुतः तो शेकडो, कधी हजारो घटांचा समूह असतो. या घटांनाच कारखान्यात सेल म्हणतात. प्रत्येक घटात धनाग्राचे व ऋणाग्राचे अगदी पातळ पत्रे एकाआड एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो. बॅटरी भरताना लिथियमचे आयन या पडद्यातून एका बाजूस जातात, गाडी चालताना दुसऱ्या बाजूस परततात. या पडद्याची जाडी साधारणतः 20 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. दोन अग्रांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. पण बॅटरीची सारी सुरक्षितता त्या एका कामावर उभी आहे.

आता समजा, घट बनविताना एखाद्या पत्र्याची कड दुमडली गेली, किंवा धातूचा एखादा कण आत राहून गेला. पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. परंतु बॅटरी शेकडो वेळा भरली व रिकामी झाली की त्या जागी लिथियम धातुरूपाने साचत जातो, आणि एके दिवशी तो पडदा ओलांडून पलीकडच्या अग्राला भिडतो. घटाच्या आतच शॉर्टसर्किट होते. उष्णता वाढते, 130 अंश सेल्सिअसच्या सुमारास पडदाच वितळू लागतो, पुढे धनाग्रातील संयुगांचे विघटन होऊन त्यांतून प्राणवायू सुटतो, आणि एका घटाची आच शेजारच्या घटांना लागते. आगीला लागणारा प्राणवायू काही अंशी आतूनच मिळत असल्याने ही आग नुसती झाकून विझत नाही. भरपूर पाणी ओतून ती थंड करावी लागते, आणि विझली असे वाटल्यावर काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही, ती पुन्हा पेट घेते.

आगी डिझेलच्या बसलाही लागतात, हे विसरून चालणार नाही. परंतु डिझेलची गळती वासाने कळते, इंजिनातील बिघाड कानाला जाणवतो. घटातील दुमडलेली कड मात्र आगारातील अनुभवी मेकॅनिकलाही बाहेरून दिसत नाही. रिकॉलची निकड येथूनच उत्पन्न होते. एका गाडीत जी खोट निघाली, ती त्याच कारखान्यात त्याच काळात बनलेल्या इतर घटांतही असू शकते, एवढाच धागा हाती असतो. आणि त्या धाग्यावरून हजारो गाड्या शोधून काढाव्या लागतात.

दक्षिण कोरियातील एक प्रकरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. ह्युंदाई कंपनीच्या 'कोना' या विजेच्या मोटारींना आगी लागू लागल्या, तेव्हा 2020 च्या ऑक्टोबरात तिने जगभरातील सुमारे 77 हजार गाड्या परत बोलाविल्या. पण तेव्हाचा उपाय सौम्य होता. बॅटरीवर देखरेख करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत सुधारणा करायची आणि ज्या बॅटरीत काही विपरीत आढळेल तेवढीच बदलायची, असे ठरले. जानेवारी 2021 मध्ये दायगू शहरात अशी सुधारणा केलेल्या एका गाडीनेच पेट घेतला. 15 फेब्रुवारीला चांगवॉन येथे त्याच कंपनीची 'इलेक सिटी' बस रस्त्यावर पेटली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. त्याच महिन्याच्या 24 तारखेस नवा रिकॉल जाहीर झाला, आणि या वेळी बॅटऱ्याच बदलून देण्याचे ठरले. त्यात 75,680 कोना, 5,716 आयोनिक आणि 305 बसगाड्या होत्या. खर्चाचा अंदाज सुमारे एक लाख कोटी वॉन इतका होता. बॅटरी बदलून मिळेपर्यंत ती 90 टक्क्यांहून अधिक भरू नये, असा सल्ला देण्यात आला. कारण घट जितका अधिक भरलेला, तितकी त्यात साठलेली ऊर्जा अधिक आणि आग लागल्यास तिचा भडकाही अधिक.

या प्रकरणातील खरी मेख पुढेच आहे. बॅटऱ्या उघडून पाहिल्यावर एल.जी. कंपनीच्या चीनमधील नानजिंग येथील कारखान्यात बनलेल्या काही घटांत ऋणाग्राची जोडपट्टी दुमडलेली आढळली, असे कोरियन सरकारने सांगितले. परंतु अशा घटांना प्रयोगशाळेत मुद्दाम आग लावून दाखविता आली नव्हती, आणि हेच आगीचे थेट कारण म्हणता येणार नाही, असे घट बनविणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे पूर्ण पुरावा हाती नसतानाच हा प्रचंड खर्च करण्यात आला. तो योग्य होता काय? आमच्या मते निःसंशय योग्य होता. न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा दिला जातो, कारण तेथे माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो. यंत्राच्या बाबतीत संशयाचा फायदा यंत्राला नव्हे, तर त्यात बसणाऱ्या माणसाला मिळाला पाहिजे.

पॅरिसमध्येही हाच विवेक दिसून आला. तेथे एप्रिल 2022 मध्ये एकाच महिन्यात एकाच नमुन्याच्या दोन विजेच्या बस जळाल्या. तपास पुरा होण्याची वाट न पाहता तेथील वाहतूक संस्थेने त्या नमुन्याच्या सर्व 149 गाड्या सेवेतून बाजूला काढल्या.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात 2019 पासून विजेच्या बस धावत आहेत आणि मुंबईतही त्यांची संख्या वाढत गेली आहे. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगावात विजेची एक स्कूटर पेटली, तेव्हा बॅटरीचा प्रश्न आपल्या घरापर्यंत आला. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम अधिक कडक केले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ठराविक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, चाचणी संस्थेने अहवाल दिला किंवा अन्य मार्गाने माहिती मिळाली, तर हा अधिकार वापरता येतो.

येथे एक अडचण आहे. मोटारीचा मालक आणि तीत बसणारा बहुधा एकच असतो. बसचे तसे नाही. आपल्या शहरांतील विजेच्या अनेक बस खासगी कंपन्यांच्या मालकीच्या असून वाहतूक संस्था त्या किलोमीटरमागे ठरलेल्या दराने चालवून घेतात. रिकॉलचे पत्र मालकाला जाते. प्रवासी मालक नाही, आणि समोर आलेली बस कोणत्या घटांवर चालते हे पाहून ती सोडून देण्याची सोयही त्याला नाही. म्हणून त्याच्या वतीने विचारण्याचे काम वाहतूक संस्थेने आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी केले पाहिजे. घट कोणत्या कारखान्याचे व कोणत्या काळातले आहेत याची नोंद आगारात आहे काय? बॅटरी परत बोलाविण्याची वेळ आली तर तिचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहिले आहे काय? आणि असा रिकॉल झाला तर तो प्रवाशांना जाहीरपणे कळविला जाईल काय?

आपल्यावरही एक जबाबदारी येते. गाड्या बाजूला काढल्या, की थांब्यावर रांग वाढते. बॅटरी कमी भरली, की फेऱ्या कमी होतात. अशा वेळी आपण केवळ उशिराबद्दल ओरडलो, तर संशयित गाडी मुकाट्याने रस्त्यावर ठेवण्याचा मोह अधिकाऱ्यांना होणारच. गाडी परत बोलाविली हे कारखान्याच्या नालायकीचेच लक्षण, असे मानण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. चूक होणे कमीपणाचे असेल. परंतु ती कबूल करून गाडी वेळीच थांबविणाऱ्याला आपण दोष दिला, तर पुढच्या वेळी कबूल करणारा कोणी उरणार नाही.