नागपूरचा गुलाब: ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत उमललेला हायब्रिड टी गुलाब एकदा पाहिला की 'विदर्भात गुलाब येत नाही' हे वाक्य पुन्हा तोंडी येत नाही. लांब सरळ दांडा, टोकदार कळी, सावकाश उलगडणाऱ्या पाकळ्या. दमट किनारपट्टीवर अशा फुलासाठी वर्षभर बुरशीशी झगडावं लागतं. इथे कोरडी हवा आणि थंड रात्री ते काम निम्मं करून देतात. तरीही कितीतरी घरांतला गुलाब जूनपर्यंत वाळून जातो. दोष बहुतेक वेळा उन्हाचा नसून सल्ल्याचा असतो. आपल्यापर्यंत पोचणारे बरेच सल्ले आम्लधर्मी मातीच्या आणि बर्फ पडणाऱ्या देशांत तयार झाले. तिथे ते खरे आहेत. नागपूरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्यांतले काही नुसते वाया जातात, तर काही थेट नुकसान करतात.

'इथल्या उन्हात गुलाब टिकतच नाही'

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही दोन्ही टोकं सोसलेली गुलाबाची झाडं शहरात आजही आहेत. कडक उन्हाळ्यात झाड मरत नाही, काम थांबवतं. फुलं लहान होतात, पाकळ्या कमी भरतात, रंग उडतो. अशा वेळी खत देऊन फूल मागणं ही चूक आहे. एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारपुरती हिरव्या जाळीची सावली, बुडाशी वाळल्या पानांचं आच्छादन आणि सकाळी लवकर भरपूर पाणी, एवढंच द्यावं. नवतपात कात्री अजिबात लावू नये. पानं गेली की उघड्या फांद्या उन्हाने भाजतात.

उन्हात पानांवर पाण्याचे थेंब राहिले तर ते भिंगासारखं काम करून पान जाळतात, असंही सांगतात. हंगेरीच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं तेव्हा गुळगुळीत पानांवर असा डाग पडत नाही असं दिसलं. मेमध्ये पानं खरोखर भाजतात ती गच्चीवर तापत पडलेल्या पाइपातल्या कढत पाण्याने. पहिलं पाणी बाजूला सोडून द्या.

'काळी माती कसदार, तेव्हा गुलाबाला उत्तम'

कस आहे, निचरा नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून ठेवते. नागपुरात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. गुलाबाची मुळं तुंबलेल्या पाण्यात गुदमरतात. यावर नेहमीचा उपाय म्हणजे दोन फुटी खड्डा खणून त्यात मुरूम आणि शेणखत भरणं. पण चिकण मातीतला असा खड्डा पावसात हौद होतो: चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. जमिनीच्या वर फूटभर उंचीचा वाफा करून त्यात माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत घालणं जास्त भरवशाचं.

लावताना डोळा भरलेला सांधा मातीत गाडा, असं इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळतं. तो सल्ला गोठणाऱ्या हिवाळ्यापासून सांधा वाचवण्यासाठी आहे. इथे सांधा मातीच्या दोन-तीन इंच वर ठेवावा.

'अंड्याची टरफलं, हाडांचं खत, चहाचा चोथा'

या तिघांवर लोकांचा जेवढा जीव आहे, तेवढा गुलाबाचा नाही. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुना. आम्लधर्मी मातीत ते हळूहळू विरघळून कामी येतं. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे आधीच असतात. तिथे टरफलं वर्षानुवर्षं तशीच राहतात. हाडांच्या खताची गत तीच. त्यातला स्फुरद मुळांना मिळायला मातीत आम्लता लागते. चहाचा चोथा धुऊन कंपोस्टात टाकला तर चांगला. दूध-साखरेसकट कुंडीत टाकला तर मुंग्या येतात. त्याने मातीचा सामू उतरेल ही आशा सोडून द्यावी.

नागपूरच्या गुलाबाचं खरं दुखणं वेगळंच आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. पाहणारा म्हणतो, भूक लागली. आणि युरिया टाकतो. पण नत्राची कमतरता असेल तर आधी जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकी पडतात. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. लिटरभर पाण्यात दोन ते पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारलं की काही दिवसांत हिरवेपणा परतू लागतो. मातीतून द्यायचं तर 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह घ्यावं. स्वस्त 'ईडीटीए' चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. दरवर्षी शेणखत आणि थोडं गंधक देत राहिलं तर दुखणं हळूहळू आटोक्यात येतं.

'कूलरचं पाणी झाडांना घालावं, वाया का घालवा?'

नागपूरच्या उन्हाळ्यातला हा सर्वांत सद्हेतूने होणारा अपाय. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीत दिवसेंदिवस पाणी भरत गेलं की ते खारट होत जातं. पॅडवर जमलेला पांढरा थर त्या क्षारांचाच. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यातही क्षार दाट झालेले असतात. गुलाब क्षारांना नाजूक आहे. पानांच्या कडा करपतात, ते पाणी कमी पडल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस तेच पाणी आणखी ओततो. पाणी वाचवण्याची तळमळ योग्यच आहे. ते पाणी अंगण धुवायला, फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते गुलाबाला खुशाल घाला.

'छाटणी फेब्रुवारीत, आणि त्याआधी मुळ्या उघड्या टाकून ताण'

थंड देशांत हिवाळा सरताना छाटणी करतात, कारण तिथे पुढे वसंत आणि सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर काय असतं हे सांगायला नको. तेव्हा जोरदार छाटणी केली तर कोवळे फुटवे थेट एप्रिलच्या तावडीत सापडतात. नागपूरची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फूल येतं, म्हणजे बहर डिसेंबरच्या गारव्यात सापडतो. जाड कापांवर बोर्डो मलम लावावं, नाहीतर काळी पडत जाणारी फांदी बुडापर्यंत मरत जाते.

ताण देण्याची पद्धत आपल्या अंगात संत्र्याच्या बागेतून मुरली असावी. आंबिया असो की मृग, बहर धरायचा तर बागाईतदार पाणी तोडतो, कारण संत्र्याच्या झाडाला फुलावर आणायला तो ताण लागतो. हायब्रिड टीला लागत नाही. त्याच्या पूर्वजांत चिनी गुलाब आहेत आणि त्यांच्याकडून त्याला नव्या फुटीवर पुन्हा पुन्हा फुलण्याचा स्वभाव मिळाला आहे. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात गुलाबाच्या जाती तयार करणाऱ्या गियोनं आणलेल्या 'ला फ्रान्स'ला या वर्गाचा पहिला गुलाब मानतात, त्याची ख्यातीच वारंवार फुलण्याची. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी केलं तर बिघडत नाही. पण मुळ्या उघड्या टाकून उन्हात वाळवणं म्हणजे ज्या बारीक मुळांनी फूल उभं करायचं, तीच तोडणं.

'सात पानांची फांदी जंगली, ती कापून टाका'

या एका समजुतीपायी किती चांगल्या फांद्या जातात! एका पानाला पाच पर्णिका असल्या तर कलम, सात असल्या तर खुंट, असं गणित सर्रास सांगतात. जोमदार हायब्रिड टीच्या नव्या फांदीच्या पानांनाही सात पर्णिका येतात, आणि बुडाशी आलेली अशी फांदीच पुढची काही वर्षं झाडाला फुलवते. पर्णिका मोजू नका, फांदीचं मूळ शोधा. माती बाजूला सारून पाहा: सांध्याच्या खालून आली असेल तर खुंटाची, ती ओढून समूळ काढा. वरून आली असेल तर तुमची, तिला जपा.

पर्णिकांसारखा ठोकळ नियम रोगांनाही लावतात, पण एकच औषध बारा महिने चालत नाही. पावसाळ्यात काळे ठिपके येतात, त्यांना पानं तासन्‌तास ओली लागतात. हिवाळ्यातल्या भुरीला ओलं पान लागत नाही. उन्हाळ्यात येतो लाल कोळी, आणि तो कीटक नसून आठ पायांचा कोळी आहे. इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाने तो जात नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारत राहणं हा पहिला उपाय.

'वास हवा तर देशी गुलाबच'

सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या गुच्छाला वास नसतो, म्हणून सगळ्या कलमी गुलाबांवर हा शिक्का बसला. तिथले गुलाब दांडा आणि टिकाऊपणासाठी निवडलेले असतात. 'पापा मेलां' किंवा 'डबल डिलाइट' सकाळच्या गारव्यात हुंगून पाहा. फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये गुलाबाच्या वासामागचं एक विकर शोधलं, तेव्हा सुगंधी म्हणून त्यांनी 'पापा मेलां'च घेतला होता, आणि तुलनेला बिनवासाचा 'रूज मेलां'. दोन्ही हायब्रिड टीच.

वासाबरोबर टिकाऊपणाही पाहावा लागतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करता करता आपल्या मैदानी हवेत टिकतील असे गुलाब तयार करत होते. 'द रोझ इन इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९६६चं. आपल्या हवेला आपले गुलाब शोधावे लागतात, हे त्यांनी करून दाखवलं. तेव्हा परदेशी नावाच्या चित्रावर भुलू नका. इथल्या नर्सरीत निदान एक उन्हाळा काढलेलं रोप मागा, सुरुवात 'ग्लॅडिएटर'सारख्या महाराष्ट्रातल्या शेतांत वर्षानुवर्षं पिकलेल्या काटक जातीने करा, आणि खताची पहिली पिशवी विकत घेण्याआधी मातीचा सामू तपासून घ्या.