जनआरोग्य योजनेत हृदयरोगतज्ज्ञ कसा शोधावा

२०२३ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या मोठ्या बंधूंच्या छातीत पहाटे चार वाजता कळ आली आणि डावा हात भरून आला. दर्यापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले. ई.सी.जी. काढून डॉक्टरांनी सांगितले की झटका आहे, अमरावतीला हलवा. हाताशी केशरी शिधापत्रिका होती, त्यामुळे धीर होता. रस्त्याने ज्या दवाखान्यावर हृदयरोगाचा सर्वांत मोठा फलक दिसला त्यात शिरलो. वहिनींनी खिडकीवर विचारले, "कार्ड चालते न जी इथं?" उत्तर मिळाले, "चालते, पण हृदयासाठी नाही. आधी पन्नास हजार जमा करा." पुतण्याने उसनवारी करून ते भरले. दुपारी कळले की त्याच शहरात दुसऱ्या ठिकाणी तोच उपचार योजनेतून झाला असता.

चूक कोणाची म्हणाल तर बरीचशी आमची. चाळीस वर्षे मी शाळेत शिकविले, पण ही योजना कशी चालते हे कधी नीट वाचले नव्हते. बंधू वाचले, कर्ज मात्र दोन हंगाम फिटले नाही. त्यानंतर समाजातील तीन-चार रुग्णांसोबत जाण्याचा प्रसंग आला आणि जे समजले ते येथे मांडतो. विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण घरातला मोबाईल आज त्यांच्याच हाती असतो.

प्रथम थोडा इतिहास. आजाराचा खर्च एकट्या घरावर न पडता सर्वांनी मिळून उचलावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. परंतु तो कारखान्यातील कामगारांसाठी होता. कपाशी वेचणारी बाई आणि सालदार त्यात कोठेच नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली. १९९७ साली राज्याने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना सुरू केली. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला अमरावती जिल्हा होता. २०१३ च्या नोव्हेंबरपासून ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. २०२० पासून दोन्ही एकत्र राबविल्या जातात. आमच्या बंधूंच्या वेळी फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होती. जुलै २०२४ पासून ती पाच लाख झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही आत आली. आपल्याकडील शेतकरी कुटुंबांना, आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत मोडत असल्याने, पांढऱ्या कार्डावरही त्याआधीच लाभ होता. हे अनेकांना माहीतच नव्हते.

आता मुख्य मुद्दा. योजना डॉक्टरला लागू नसते, रुग्णालयाला लागू असते. आणि रुग्णालयालाही सरसकट नव्हे, तर एकेका शाखेसाठी. एखाद्या दवाखान्याला हाडांच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता असेल, हृदयासाठी नसेल. बाहेर योजनेचा फलक मात्र एकच. म्हणून "कार्ड चालते का?" हा प्रश्नच अपुरा आहे. विचारावे ते असे: "हृदयरोग ही शाखा तुमच्याकडे योजनेत मंजूर आहे का? आणि आमच्या पेशंटला सांगितलेला हा उपचार तिच्यात बसतो का?" हृदयाच्या औषधोपचाराची व अँजिओप्लास्टीची शाखा निराळी, हृदयाच्या शस्त्रक्रियेची निराळी. बायपास सांगितला असेल तर दुसरीबद्दल विचारावे.

हा प्रश्न पैसे घेणाऱ्या खिडकीवर विचारू नये. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो व त्याची जागा बहुधा दाराजवळच असते. रुग्णाची नोंद, कागदांची तपासणी आणि मंजुरीसाठी प्रकरण पाठविणे हे त्याचे काम. निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या निःशुल्क क्रमांकांवर विचारता येते, आणि योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा व शाखा निवडून रुग्णालयांची यादी पाहता येते. यादी बदलत राहते. गेल्या वर्षी शेजाऱ्याचे झाले म्हणून यंदा आपले होईलच असे नाही.

रुग्णालय सापडले म्हणजे डॉक्टर सापडला असे मात्र नव्हे. हृदयरोगतज्ज्ञ हा शब्द फलकावर फार सैल वापरला जातो. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचे एम.डी. (मेडिसिन) आणि त्यानंतर पुन्हा तीन वर्षांचे डी.एम. (कार्डिओलॉजी) किंवा त्याच तोडीचे डी.एन.बी. केलेला तो हृदयरोगतज्ज्ञ. हृदयाची शस्त्रक्रिया करणारा वेगळा. त्याची पदवी एम.सीएच. एम.डी. झालेले फिजिशियन रक्तदाब, मधुमेह व हृदयाचे नेहमीचे औषधोपचार उत्तम सांभाळतात, आपल्या तालुक्याचा भार त्यांच्यावरच आहे. परंतु रक्तवाहिनीत तार घालून स्टेंट बसविणे हे त्यांचे काम नव्हे. काही जण अल्पकाळाची पदविका करून तोच फलक लावतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची नोंद असते, आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. तो पाहण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

अनुभव कसा ओळखावा? वय पाहून नव्हे. आपल्या भागातील बऱ्याच दवाखान्यांत तज्ज्ञ नागपूरहून ठरावीक वारी येतात. त्यात वाईट काही नाही, तो डॉक्टर चांगलाही असेल. पण सोमवारी स्टेंट बसवून तो रात्री परत गेला आणि मंगळवारी पहाटे रुग्णाला त्रास झाला, तर पाहणार कोण? हे आधी विचारावे. प्रत्यक्ष हात कोणाचा लागणार, असे प्रकार ते आठवड्यात किती करतात, आणि काही बिघडलेच तर हृदयाचा सर्जन किती अंतरावर आहे, हेही विचारावे. चांगला डॉक्टर याची उत्तरे न चिडता देतो. शिवाय आजार कोणता हे पाहावे. रोज स्टेंट बसविणारा डॉक्टर लहान मुलाच्या हृदयाच्या छिद्राला योग्य असेलच असे नाही. अंगणवाडी व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याने बालकाला पुढे पाठविले तर ती चिठ्ठी फेकू नये; मुलाच्या शस्त्रक्रियेची वाट तेथूनच सुरू होते.

शासकीय रुग्णालयाबद्दल आपल्या लोकांच्या मनात अढी आहे. गर्दी असते, तारीख उशिरा मिळते, खाटेजवळ बसायला जागा नसते, हे सारे खरे. पण अनुभव म्हणजे हाताखालून गेलेले रुग्ण असे मानले, तर नागपूरच्या शासकीय मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय कमी ठरत नाही. विदर्भातील अवघड रुग्ण वर्षानुवर्षे तेथेच जातात. मिहानमध्ये एम्स आहे. अमरावतीतही शासनाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. तेथे आपल्याला सांगितलेला उपचार होतो का, हे आरोग्यमित्राकडून कळते. योजनेतील काही उपचार तर शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. झडप बदलणे किंवा ठरवून करायचा बायपास असेल आणि डॉक्टरांनी थांबण्याची मुभा दिली असेल, तर दर्यापूर ते नागपूर हे दोनशेएक किलोमीटर जाण्यात शहाणपण आहे.

झटका आला असेल तेव्हा मात्र हे सारे बाजूला ठेवावे. त्या वेळी तज्ज्ञ शोधत फिरणे हीच मोठी चूक होते. १०८ ला फोन करावा, जवळच्या ज्या शासकीय दवाखान्यात ई.सी.जी. निघतो तेथे पोहोचावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच गुण देते, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. ते रुग्णाला चालते की नाही हे डॉक्टर ठरवतील. आम्ही त्या पहाटे मोटार शोधण्यात पाऊण तास घालविला. मग पुढे कोठे जायचे हे तेथील डॉक्टरांना व फोनवर आरोग्यमित्राला विचारावे. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून तात्पुरती मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात. कागद घरी राहिले म्हणून कोणी पैसे भरू नयेत.

पैसा कोठे मागितला जातो तेही सांगतो. पहिली जागा अँजिओग्राफी. ती योजनेत धरली आहे की वेगळी, हे टेबलावर जाण्यापूर्वी विचारावे. दुसरी जागा स्टेंट. "योजनेतला साधा असतो, वरचे पैसे भरा, चांगला टाकू," असे म्हणणारे भेटतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट, ज्याला पूर्वी लाखाच्या पुढे मोजावे लागत, तो तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. मर्यादा पुढे बदलत गेली, तरी लाख रुपये कोणी मागत असेल तर लेखी मागावे. उपचार मंजूर झाला की योजना बिनपैशाची असते. पावती न देता घेतलेल्या पैशाची तक्रार वरील क्रमांकांवर करता येते, आणि जिल्ह्याच्या समितीकडेही जाते.

घरी परतल्यावर आणखी एक धोका असतो. योजनेतून सुटीनंतरची औषधे थोडेच दिवस मिळतात; स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून त्या सोडल्या, तर नवा स्टेंटच गुठळीने बंद पडतो. उपजिल्हा रुग्णालयात वा जन औषधी केंद्रात त्या मिळतात का, हे सुटीच्या दिवशीच पाहून ठेवावे.

शेवटी कागदांचे. शिधापत्रिकेवर भिमराव आणि आधारवर भीमराव, सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डात, नातवाचे कोठेच नाही, अशी स्थिती घरोघरी आहे. मंजुरी अडते ती येथेच. तहसीलच्या पुरवठा शाखेत हे दुरुस्त होते, पण रुग्ण खाटेवर असताना नाही. आमच्या वहिनींनी आता शिधापत्रिका, आधारच्या प्रती, बंधूंचे जुने ई.सी.जी. आणि गोळ्यांची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. वरच्या कागदावर पुतण्याने ठळक अक्षरांत १०८ आणि १५५३८८ लिहिले आहे.